मधुमेहात पुन्हा पुन्हा होणारे लघवीचे इन्फेक्शन: गोळी बदलण्याआधी काय शोधायचे

प्रश्न थोडक्यात असा: आई ६२ वर्षांची, मधुमेह १४ वर्षांपासून. गेल्या दहा महिन्यांत चार वेळा लघवीचे इन्फेक्शन झाले. दर वेळी पाच दिवस अँटिबायोटिक घेतले की बरे वाटते आणि महिना-दीड महिन्यात परत तेच. मधूनमधून खाज येते, पावसाळ्यात पायाला चिखल्या होतात. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.३, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची तपासणी) १.०. गोळ्या: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, डापाग्लिफ्लोझिन आणि रात्री तळपायाच्या आगीसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन. प्रतिकारशक्ती वाढवायला काही देता येईल का?

प्रतिकारशक्तीच्या टॉनिकांवर पैसे घालवू नका. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाले की त्याला वारंवार होणारे इन्फेक्शन म्हणतात. आईंचे त्यात बसते. अशा वेळी कोणती गोळी द्यायची हा प्रश्न दुसरा. आधी हे बघायचे, की ती चारही खरोखर लघवीची इन्फेक्शन होती का आणि असतील तर जंतू तोच होता की दर वेळी नवा. तुम्ही लिहिलेल्या माहितीत एकाही कल्चरचा, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, उल्लेख नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागेल.

आईंना नीट विचारा, जळजळ लघवी होत असताना आतून, ओटीपोटापाशी होते, की लघवी बाहेरच्या त्वचेला लागली की चरचरते? आतून जळजळ, थोड्या थोड्या वेळाने घाई, ओटीपोटात दुखणे हे मूत्राशयाच्या इन्फेक्शनकडे बोट दाखवते. बाहेरून चरचरणे, खाज, लाली, त्वचेला बारीक चिरा, दह्यासारखा पांढरा स्राव ही बुरशी, म्हणजे कँडिडा. मधुमेही बायकांमध्ये या दोहोंची गल्लत फार होते आणि त्यातून एक चक्र सुरू होते. बुरशीच्या चरचरीला लघवीचे इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक दिले जाते, त्याने योनीमार्गातले उपयोगी जंतू मरतात, बुरशी आणखी माजते, चरचर वाढते आणि पुन्हा अँटिबायोटिक. आपल्याकडे बायका खाजेबद्दल डॉक्टरांशी बोलायला संकोचतात आणि फक्त ‘उन्हाळी लागली’ एवढेच सांगतात, त्यामुळे हे लक्षातही येत नाही. तपासणी करून घेतल्याशिवाय पाचवे अँटिबायोटिक घेऊ नका.

दुसरी गल्लत रिपोर्टवरून होते. काही त्रास नसताना रुटीन तपासणीत ‘पस सेल्स (पू-पेशी) १५-२०’ किंवा कल्चरमध्ये जंतू दिसले, तर मधुमेह असला तरी त्याला औषध द्यायचे नसते. अशा जंतूंना मारून पुढची इन्फेक्शन टळत नाहीत, उलट उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. गरोदरपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया हे मुख्य अपवाद. लघवीला वास येतो किंवा ती गढूळ दिसते एवढ्यावरूनही औषध सुरू करू नये.

कल्चर नीट करणे

कल्चरचा नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्यायचा. एक गोळी पोटात गेली तरी ‘नो ग्रोथ’ येऊ शकते आणि मग त्या रिपोर्टला अर्थ उरत नाही. लॅबमधून मिळालेली निर्जंतुक डबीच वापरा, घरची धुतलेली बाटली नको. जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा, डेटॉल वगैरे लावू नका. लघवीची पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. डबीच्या आत बोट लागू देऊ नका. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे. जमत नसेल तर फ्रिजमध्ये (फ्रीजरमध्ये नव्हे) २४ तासांपर्यंत चालतो. उन्हातून स्कूटरच्या डिकीत फिरलेल्या नमुन्यात जंतूंची संख्या भलतीच वाढलेली दिसते.

रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो. एकच जंतू आणि मिलिलिटरला १ लाखाच्या वर संख्या असेल तर ते ठळक. लक्षणे असतील तर त्याहून कमी संख्येलाही महत्त्व असते. ‘मिक्स्ड ग्रोथ’ लिहिले असेल तर बहुधा नमुना घेताना बाहेरचे जंतू मिसळले आहेत, नमुना पुन्हा द्या. हे रिपोर्ट एका फायलीत तारखेने लावा आणि प्रत्येकापुढे औषधाचे नाव आणि किती दिवस घेतले ते लिहा. दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की कळते: औषध संपून दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू परत आला असेल तर तो गेलेलाच नव्हता. मग खडा, साचलेली लघवी, किडनीतले लपलेले इन्फेक्शन, पुरुषांमध्ये प्रोस्टेट शोधायचे. महिना-दीड महिन्याने आणि दर वेळी वेगळा जंतू येत असेल तर तो बाहेरून नव्याने चढतो आहे. या दोहोंचे उपाय वेगळे आहेत.

औषध डॉक्टरांनीच ठरवायचे, पण काही गोष्टी तुम्हाला माहीत असाव्यात. फक्त मूत्राशयापुरते इन्फेक्शन असेल तर नायट्रोफ्युरँटोइन १०० मिलिग्रॅम (दीर्घ परिणामाची गोळी) दिवसातून दोनदा जेवणासोबत पाच दिवस, किंवा फॉस्फोमायसिनचे ३ ग्रॅमचे एक पाकीट पाण्यात विरघळवून एकदाच, अशी पहिली निवड असते. ईजीएफआर (किडनीची रक्त गाळण्याची क्षमता) ३० च्या खाली असेल तर नायट्रोफ्युरँटोइन देत नाहीत. ताप, हुडहुडी, कंबरेच्या वर पाठीत दुखणे असेल तर ही दोन्ही औषधे अपुरी पडतात, कारण ती किडनीच्या ऊतींमध्ये पुरेशी पोचत नाहीत.

सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गोळ्या दुकानातून सर्रास आणल्या जातात. लघवीतला नेहमीचा जंतू, ई. कोलाय, आपल्या देशात या गटाला मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही. शिवाय या गोळ्यांनी शुगर वर-खाली होते, आणि ग्लिमेपिराइडसोबत ती धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. कोट्रायमोक्साझोल आणि बुरशीसाठीचे फ्लुकोनाझोल यांनीही ग्लिमेपिराइडचा परिणाम वाढतो. बीपीसाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल तर कोट्रायमोक्साझोलने पोटॅशियमही चढते. म्हणून असे कोणतेही औषध चालू असताना ग्लुकोमीटरवर दिवसातून तीन-चार वेळा शुगर बघा, आणि घाम, थरथर, भोवळ ही ‘इन्फेक्शनची कमजोरी’ समजून सोडून देऊ नका.

शुगर आणि डापाग्लिफ्लोझिन

एचबीए१सी ९.३ म्हणजे सरासरी शुगर साधारण २२०. रक्तातली साखर १८० च्या आसपास गेली की किडनी ती लघवीत सोडू लागते, म्हणजे आईंच्या लघवीत दिवसाचा बराच वेळ साखर असते. त्यातच वाढलेल्या शुगरमध्ये पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत उशिरा पोचतात आणि त्यांना गिळण्याचे कामही मंदावते. प्रतिकारशक्ती वाढवायची ती इथे. एचबीए१सीचे ७ ते ७.५ हे लक्ष्य या वयात बहुतेकांना झेपते. मात्र घाईने खाली आणू नका. फार झपाट्याने शुगर उतरली तर डोळ्याच्या पडद्याचा आजार तात्पुरता बळावू शकतो, म्हणून वर्षभरात डोळे तपासले नसतील तर आधी तपासून घ्या. हिमोग्लोबिनही बघा. लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, तेव्हा औषधे वाढवण्याआधी घरचे ग्लुकोमीटरचे आकडे त्याच्याशी जुळतात का ते पाहावे.

आता डापाग्लिफ्लोझिन. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतात तिचे पेटंट संपले, गोळी स्वस्त झाली आणि घरोघरी पोचली. रक्तातली साखर किडनीतून लघवीवाटे बाहेर टाकणे हेच तिचे काम. त्यामुळे शुगर उत्तम असली तरी लघवीच्या तपासणीत साखर ‘तीन प्लस’ येणारच, त्याने घाबरू नका. या गोळीने बाहेरच्या भागातली बुरशी नक्की वाढते. मूत्राशयाच्या इन्फेक्शनबाबत मोठ्या चाचण्यांत तशी ठाम वाढ दिसलेली नाही. म्हणूनच वरचा प्रश्न, चरचर आतून की बाहेरून, इतका कळीचा आहे.

गोळी बंद करायची का? हार्ट फेल्युअर असेल किंवा लघवीतून प्रथिन जात असेल तर ती हृदयाला आणि किडनीला मोठा आधार देते, अशा रुग्णात ती सहजी सोडू नये. यांपैकी काही नसेल आणि खाज सारखी परतत असेल, तर डॉक्टरांशी बोलून काही आठवडे थांबवून पाहणे मला रास्त वाटते. मात्र तिच्या जागी काय, हे त्याच भेटीत ठरवा, नाहीतर शुगर आणखी चढेल. गोळी चालू ठेवायची असेल तर प्रत्येक लघवीनंतर साध्या पाण्याने पुढून मागे धुणे आणि टिपून कोरडे करणे पुरेसे आहे. ‘इंटिमेट वॉश’ नको, आत पाणी मारणे तर नकोच.

बुरशीसाठी फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एकच गोळी अनियंत्रित मधुमेहात बहुधा कमी पडते. दर तिसऱ्या दिवशी एक, अशा तीन गोळ्या देतात, आणि वर्षात तीन-चार वेळा होत असेल तर पुढे आठवड्याला एक, सहा महिने. तरीही हटत नसेल तर स्वॅब पाठवून बुरशीची जात ओळखायला सांगा. मधुमेहात कँडिडा ग्लॅब्राटा बऱ्याचदा सापडते आणि ती फ्लुकोनाझोलला नीट दाद देत नाही.

मूत्राशय रिकामे होते का

चौदा वर्षांच्या मधुमेहात, आणि तेही तळपायाची आग होत असताना, मूत्राशयाच्या नसाही बधिरलेल्या असण्याची शक्यता बरीच आहे. मूत्राशय भरल्याचे कळत नाही, दिवसात दोन-तीनदाच जावेसे वाटते आणि गेल्यावरही ते पूर्ण रिकामे होत नाही. उरलेल्या गोड, कोमट लघवीत जंतू निवांत वाढतात. सोनोग्राफी करताना लघवी करून आल्यानंतर किती उरते ते मोजायला सांगा. चिठ्ठीवर ‘पोस्ट व्हॉइड रेसिड्यू’ असे लिहून घ्या. एक अडचण इथे नेहमी होते: दोन लिटर पाणी पाजून, तासभर ताटकळत ठेवून मग मोजले तर निरोगी माणसाचीही लघवी उरलेली दिसते. नेहमीसारखी लागली असताना जाऊन यायचे आणि दहा-पंधरा मिनिटांत मोजायचे. ५० मिलिलिटरच्या आत असेल तर ठीक. १०० च्या वर पुन्हा पुन्हा येत असेल तर लक्ष द्यायला हवे, २०० च्या वर असेल तर युरोलॉजिस्टकडे जा. त्याच सोनोग्राफीत खडा आणि किडनीची सूजही दिसते.

अ‍ॅमिट्रिप्टिलीनकडे माझे लक्ष इथेच जाते. तळपायाच्या आगीवर ती चांगली चालते, पण मूत्राशयाचे आकुंचन मंदावते आणि बद्धकोष्ठही करते. दोन्हींमुळे लघवी साचते. लघवी उरत असेल तर ड्युलॉक्सेटिन किंवा प्रीगॅबालिनसारखा पर्याय डॉक्टरांना विचारा. प्रीगॅबालिनने पायाला सूज येऊ शकते, ते ध्यानात असू द्या. सर्दीच्या, झोप आणणाऱ्या गोळ्याही असाच घोळ घालतात.

लघवीची सवय घड्याळावर लावावी लागते. दिवसा दर तीन तासांनी, लागली असो वा नसो. कमोडवर पूर्ण टेकून, पाय जमिनीला लागलेले, थोडे पुढे वाकून बसायचे. झाल्यावर उठून दोन मिनिटे थांबायचे आणि पुन्हा बसायचे. दुसऱ्या खेपेला बरीच लघवी झाली तर निदान अर्धे तिथेच झाले. ‘अंग बाहेर येते’ असा त्रास असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, त्यात मूत्राशयाला खोलगा पडून लघवी अडते.

पाळी गेल्यानंतर योनीमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे होते, रक्षक जंतू कमी होतात आणि आतड्यातले जंतू वर चढतात. यावर योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेन किंवा इस्ट्रिऑलचे क्रीम हा सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत कामाचा उपाय. दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि म्हणूनच बायका ते अर्ध्यात सोडतात. रक्तात फार थोडे उतरते. स्तनाचा कर्करोग झालेला असेल किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव होत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना सांगायचे.

पाण्याचे म्हणाल तर, कमी पाणी पिणाऱ्या, पाळी चालू असलेल्या बायकांनी रोज दीड लिटर पाणी वाढवले तेव्हा मूत्राशयाची इन्फेक्शन निम्म्याच्या आसपास आली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. आईंच्या वयालाही ते वाजवी आहे, हृदय आणि किडनी ठीक असतील तर. एसटीच्या प्रवासात, लग्नकार्यात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणीच न पिणे हे खरे दुखणे आहे. धणे-जिऱ्याचे पाणी पाणी म्हणून चांगले, औषध म्हणून नाही. क्रॅनबेरीच्या गोळ्यांनी काहींना फरक पडतो, तिचे गोड सरबत मात्र मधुमेहात नको. एवढे करूनही थांबले नाही तर मिथेनामाइन हिप्युरेट १ ग्रॅम दिवसातून दोनदा हा अँटिबायोटिक नसलेला पर्याय आहे. २०२२ मधल्या ब्रिटनमधील चाचणीत ते रोजच्या कमी मात्रेच्या अँटिबायोटिकच्या तोडीचे ठरले. ते आम्लधर्मी लघवीतच काम करते, त्यामुळे जळजळीसाठी मिळणारे सायट्रेटचे सिरप सोबत घेतले तर ते वाया जाते.

चिखल्या आणि बाकीचे

चिखल्यांना किरकोळ समजू नका. बोटांच्या बेचक्यातली ती ओली भेग म्हणजे जंतूंना पायात शिरायचे दार. पाय धुतल्यावर प्रत्येक बेचके मऊ कापडाने टिपा. टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमाझोल क्रीमचा पातळ थर लावा आणि बरे दिसल्यावरही एक-दोन आठवडे चालू ठेवा. खोबरेल तेल, व्हॅसलिन टाचेच्या भेगांना लावा, बेचक्यात नको, तिथे ओल धरून राहते. ओले बूट सलग दोन दिवस घालू नका. मेडिकलमधली तीन-चार औषधे एकत्र असलेली ट्यूब घेताना तिच्यात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड आहे का ते वाचा, असेल तर नको. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरते. जांघेतले गजकर्ण हटेनासे झाले आहे, त्यामागे हीच क्रिमे मोठ्या प्रमाणात आहेत. कुरूपाला चिकटपट्टी लावू नका, तिच्यातल्या सॅलिसिलिक आम्लाने बधिर पायाला जखम होते. फोड, काळा डाग, स्राव दिसला तर त्याच दिवशी दाखवा. दुखत नाही याचा अर्थ पायाच्या नसा गेल्या आहेत, जखम बारीक आहे असा नाही.

वारंवार करट किंवा केसतोड होत असतील तर नाकात राहणाऱ्या स्टॅफिलोकोकस या जंतूचा विचार करतात: म्युपिरोसिन मलम नाकपुड्यांत दिवसातून दोनदा पाच दिवस, आणि टॉवेल वेगळा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे खोल सफाई करून घ्या. तिने एचबीए१सी काही महिन्यांत ०.४ च्या आसपास उतरतो. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासा, मधुमेहात क्षयाचा धोका दोन-तीन पट असतो. आणि घर कोकणात किंवा गोव्यात असून आई भातलावणीला चिखलात उतरत असतील, तर पावसाळ्यातल्या लांबलेल्या तापात मेलिऑइडोसिसची (चिखल-पाण्यातल्या जंतूने होणाऱ्या आजाराची) आठवण डॉक्टरांना करून द्या. त्याचा सर्वांत मोठा सोबती मधुमेहच, आणि कल्चरमध्ये तो जंतू कधीकधी स्युडोमोनास या दुसऱ्याच जंतूच्या नावाने चुकीचा नोंदला जातो.

इन्फेक्शनच्या दिवसांत

ताप असताना खाणे कमी झाले तरी शुगर वाढते. दर चार तासांनी तपासा. उलट्या होत असतील किंवा खाणेपिणे तुटले असेल तर डापाग्लिफ्लोझिन त्याच दिवशी थांबवा. तिच्यासोबत शुगर २५० च्या आत असतानाही रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर प्रकार, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, आणि मळमळ, पोटदुखी, खोल श्वास ही त्याची लक्षणे ‘पित्त’ म्हणून अंगावर काढली जातात. शरीरातले पाणी कमी होत असेल तर मेटफॉर्मिनही थांबवतात. काही खात नसाल तर ग्लिमेपिराइड घेऊ नये. इन्सुलिन चालू असेल तर ते मात्र कधीही स्वतःहून बंद करू नका. नीट जेवण सुरू होऊन एक-दोन दिवस गेले की डॉक्टरांना विचारून गोळ्या परत सुरू करायच्या.

हुडहुडी भरून ताप, एका बाजूला पाठीत दुखणे आणि उलट्या, असे असेल तर घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. मधुमेहात किडनीत वायू तयार करणारे इन्फेक्शन होऊ शकते. ते सीटी स्कॅनमध्ये कळते आणि तासांच्या हिशेबाने बिघडते. तसेच गुप्तांग आणि गुदद्वाराच्या मधल्या भागात सूज, लाली आणि दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेदना, किंवा गालावर-डोळ्याभोवती सूज आणि नाकातून काळपट स्राव असेल तरी वाट पाहू नका. हा दुसरा प्रकार २०२१ मध्ये काळी बुरशी म्हणून सगळ्यांना कळलाच आहे. ताप असताना गुंगी, बरळणे किंवा लघवी जवळपास बंद होणे हेही त्याच यादीतले.

लशींबद्दल तुम्ही विचारले नाही, पण त्या राहून जातात म्हणून: फ्लूची दर वर्षी, महाराष्ट्रात पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये. न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची (न्यूमोकोकसची) एकदा डॉक्टरांना विचारून, आणि नागिणीची दोन डोसांची. नागिणीची महाग आहे, पण मधुमेहात नागिणीनंतरची आग महिनोन्‌महिने पुरते. शुगर जास्त आहे म्हणून लस पुढे ढकलायची गरज नसते. चालू इन्फेक्शनचा ताप मात्र आधी उतरू द्यावा.